कापसाची ओल बघतो, मग लाकडाची का नाही?
(बाभळीचं सरपण पारखून, तोलून घ्यायचं कसं : अभ्यासाचा पाठ)



आपल्या मलकापूर भागात कापूस विकायला नेला की पहिला प्रश्न ओलीचा. सीसीआयच्या केंद्रावर यंत्र कापसात खुपसतात. ओल 8 टक्क्यांपर्यंत असली तर पूर्ण भाव. त्याच्यावर 12 टक्क्यांपर्यंत टक्क्याटक्क्यानं भाव कापतात आणि 12 च्या वर गेली की माल घेतच नाहीत. सोयाबीनचंही तसंच. हे आपल्या घरातल्या लहान पोरालासुद्धा माहीत आहे.

पण तीच आपण बाई सरपण विकत घ्यायला गेली की काय करते? ट्रॉली बघते, "बाभूळच आहे ना?" एवढं विचारते आणि पैसे मोजते. लाकडात ओल किती आहे हे कोणी विचारत नाही. आमच्या गटानंही विचारलं नव्हतं. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगते, मग पाठाकडे वळू.

काल्याच्या दिवशी काय झालं

आमचा गट पंगतीचा स्वयंपाक उक्ता घेतो. लग्न, तेरवी, भंडारा, जे येईल ते. एका वर्षी श्रावणातल्या सप्त्याच्या काल्याचं काम मिळालं, 400 माणसांचं. पावसाळ्यात सरपण मिळणार नाही म्हणून आम्ही मृगाच्या तोंडावर 12 क्विंटल बाभूळ घेऊन ठेवली होती. भाव 500 रुपये क्विंटल. जाड जाड ओंडके, बघूनच बरं वाटलं. ते तसेच भिंतीला लावून ठेवले आणि वरून ताडपत्री गच्च बांधली.

काल्याच्या दिवशी पहाटे पाचला चुलवण पेटवलं. आठ वाजले तरी वरणाला उकळी नाही. लाकडाच्या टोकातून फेस येत होता, सूं सूं आवाज येत होता आणि मांडवभर धूर. आमच्यातल्या एक मावशी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "काहून वं, वरणाले अजून उकळी नाही?" दुसरी म्हणाली, "लाकूडच वलं हाय माय, आपण पाणी जाळून राहिलो."

शेवटी गावातून गॅसची भट्टी आणि दोन सिलिंडर भाड्यानं आणले. जेवण दीड तास उशिरा वाढलं. त्या कामात गटाला नफा राहिला नाही, वर बोलणी खाल्ली. मावशींचा खोकला पुढे पंधरा दिवस गेला नाही.

उरलेलं 4 क्विंटल लाकूड आम्ही नंतर फोडून, उन्हाळाभर वाळवून पुन्हा काट्यावर ठेवलं. भरलं 2 क्विंटल 70 किलो. म्हणजे 4 क्विंटलातून 130 किलो पाणी उडून गेलं होतं. हाच हिशोब 12 क्विंटलला लावला तर जवळपास 4 क्विंटल पाणी होतं. 500 रुपयांच्या भावानं आम्ही दोन हजारांचं पाणी विकत घेतलं होतं. विकणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. बाभूळच होती. पारख आम्हीच केली नव्हती.

पहिली गोष्ट : आपण लाकूड नाही, आच विकत घेतो

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

पूर्ण सुकलेलं एक किलो लाकूड, मग ते बाभळीचं असो, निंबाचं असो की सुबाभळीचं, जवळपास सारखीच उष्णता देतं. साधारण 4,500 किलोकॅलरी धरा. बाभळीची त्याहून थोडी जास्त भरते, पण किलोमागे फरक फार मोठा नाही. मग बाभळीचं एवढं नाव का? कारण बाभूळ जड आहे. सुक्या बाभळीचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ठोकळा घेतला तर तो साधारण 20 ते 23 किलो भरतो. तेवढाच काटेसावरीचा ठोकळा जेमतेम निम्मा. म्हणून बाभळीचं एक लाकूड चुलीत घातलं की ते बराच वेळ जळतं आणि त्याचा निखारा टिकतो. सावरीचं भुरकन जळून राख होतं आणि बाईला चुलीपुढून हलता येत नाही.

यातून खरेदीचे दोन नियम निघतात :

- ट्रॉलीवर, गाडीवर किंवा मोळीवर घेत असाल तर जात बघा. बाभूळ, वेडी बाभूळ, खैर यांसारखं जड लाकूड असेल तरच जास्त पैसे द्या. ट्रॉलीत वाकड्या फांद्या पोकळ रचलेल्या असतील तर आत नुसती हवा असते, हेही बघा.
- काट्यावर, क्विंटलनं घेत असाल तर जातीपेक्षा ओल बघा. कारण जड जात आणि ओलं लाकूड दोन्ही काट्यावर सारखंच जड दिसतं.

दुसरी गोष्ट : ओलीचा हिशोब

ताज्या तोडलेल्या बाभळीत 100 किलोमागे 40 किलोच्या आसपास पाणी असू शकतं. नीट वाळवलेल्या लाकडातही 15 किलोच्या आसपास राहतं, ते पूर्ण जात नाही. आता दोन्ही शेजारी ठेवू.

*100 किलो ओलं लाकूड :* पाणी 40 किलो, खरं लाकूड 60 किलो. पण हे 40 किलो पाणी आधी उकळून वाफ होऊन उडावं लागतं. एक किलो पाणी उडवायला सुमारे 620 किलोकॅलरी लागतात. म्हणजे 40 किलोला साडेपाच किलो लाकूड नुसतं पाणी उडवण्यात गेलं. हातात राहिलं साडेचौपन्न किलो.

*100 किलो सुकं लाकूड :* पाणी 15 किलो, खरं लाकूड 85 किलो. पाणी उडवायला दोन किलो गेलं. हातात राहिलं 83 किलो.

म्हणजे ओल्या तीन क्विंटलाचं काम सुक्या दोन क्विंटलात होतं. समजा सुक्या बाभळीचा भाव क्विंटलला 500 आहे. तर ओल्या बाभळीला 330 च्या वर एक रुपयाही द्यायचा नाही. त्यातूनही वाळवण्याची मेहनत, जागा आणि दोन-तीन महिने थांबणं आपलंच. म्हणून 300 च्या आसपासच बोलणी सुरू करा. कापसात कटती मान्य करतो तशी लाकडात कटती मागायला लाजायचं कारण नाही.

हा हिशोबही नुसत्या आचेचा झाला. ओलं लाकूड नीट पेटत नाही, अर्धवट जळतं आणि उरलेलं धूर होऊन आपल्या छातीत जातं. तो तोटा वेगळाच.

तिसरी गोष्ट : बाभूळच आहे का, ओळखा

1. साल : जुन्या बाभळीची साल काळपट, जाड आणि उभ्या खोल भेगांची. सुबाभळीची साल करडी आणि बरीच गुळगुळीत. हिवराची साल पांढुरकी. सुबाभूळ वाईट नाही, पण ती बाभळीच्या भावानं घेऊ नका. ती हलकी असते.
2. कापलेलं तोंड : बाभळीच्या मधला गाभा तांबूस-तपकिरी, बाहेरचं कडं फिकट पिवळसर. गाभा जेवढा मोठा तेवढं झाड जुनं आणि लाकूड घट्ट. सगळंच फिकट दिसलं तर ती कोवळी फांदी आहे किंवा बाभूळच नाही.
3. पीठ : सालीखाली बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगेरा लागला आहे. तो आधी बाहेरचं फिकट लाकूड खातो. थोडा असेल तर आधी जाळून संपवा. पोकळ झालेलं वजनावर घेऊ नका आणि चांगल्या लाकडात मिसळू नका.

चौथी गोष्ट : सुकलं आहे का, ओळखा

यंत्र लागत नाही. डोळे, कान आणि हात पुरतात.

- दोन लाकडं एकमेकांवर आपटा. सुकं खणखणतं, ओलं थप्प वाजतं.
- तोंडाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडल्या आहेत का? भेगा असल्या तर वाळायला लागलं आहे. पण नुसत्या भेगांवर जाऊ नका. वरून वाळलेला जाड ओंडका आतून ओला असतो.
- साल हातानं ओढली की सुटते का? घट्ट चिकटून आतून ओलसर लागली तर लाकूड ताजं आहे.
- एखादा ओंडका तिथल्या तिथं फोडून घ्या आणि आतल्या बाजूला हाताची पाठ किंवा गाल लावा. गार लागलं तर ओल आहे. विकणारा फोडू देत नसेल तर तिथंच समजून घ्या.
- एक ढलपी पेटवा. टोकातून फेस आणि सूं सूं आवाज आला तर पाणी आहे.

पक्कं माप हवं असेल तर ढलप्यांचा तोल करा. ओंडक्याच्या मधल्या भागातून बोटाएवढ्या जाडीच्या ढलप्या काढा. किराणा दुकानातल्या काट्यावर बरोबर 500 ग्रॅम मोजा. त्या पत्र्यावर कडक उन्हात पसरा, रात्री घरात घ्या. तीन-चार दिवसांनी मोजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. वजन उतरायचं थांबलं की हिशोब करा. 500 चे 350 झाले तर 150 ग्रॅम उडालं, म्हणजे 30 टक्के. उन्हात वाळवल्यावरही थोडी ओल उरतेच, म्हणजे खरी ओल याहून जास्तच असणार. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीच्या उबेला, विस्तवापासून लांब ठेवून वाळवा.

पाचवी गोष्ट : काटा आपल्या डोळ्यासमोर

ट्रॉली घेताना वजनकाट्यावर आधी भरलेली आणि मग रिकामी, दोन्ही वजनं घ्या. काट्याची चिठ्ठी मागा आणि गटाच्या खर्च वहीला लावा. विकणारा म्हणाला, "ताई, अंदाजे 12 क्विंटल धरा," तर म्हणायचं, "दादा, कापूस अंदाजे देता का?" पाऊस पडून गेल्यावर भिजलेला माल तोलू नका.

सहावी गोष्ट : वेळ आणि साठवण

सरपण पावसाच्या तोंडावर घ्यायचं नाही, आमची चूक तीच झाली. माघ-फाल्गुनात घ्या, चैत्र-वैशाखाचं ऊन त्याला खाऊ द्या. मलकापूरचा वैशाख आपल्याला सोसत नाही, पण लाकडाला त्याच्यासारखा मित्र नाही.

- घेतल्या घेतल्या फोडा. ओली बाभूळ फोडायला सोपी जाते, वाळल्यावर कुऱ्हाड उसळते. घरच्या चुलीला मनगटाएवढं, पंगतीच्या चुलवणाला दंडाएवढं पुरे. फोडलेलं लाकूड उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत कामाला येतं, अख्खा ओंडका वर्षभर घेतो.
- शक्य तेवढी साल काढा. लवकर वाळतं आणि भुंगेरा कमी लागतो.
- जमिनीवर ठेवू नका. खाली दगड किंवा विटा मांडून त्यावर रचा, मध्ये वारा खेळू द्या.
- वरून पत्रा घाला, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गच्च बांधलं की आतली वाफ आतच राहते आणि बुरशी येते. आमचं तेच झालं.
- रचताना हात सांभाळा. विंचू-साप बसतात. काठीनं हलवून मग हात घाला.

सातवी गोष्ट : सगळी बाभूळ चुलीत घालू नका

बाभळीची किंमत फक्त सरपणाची नाही. सरळ, जाड, निरोगी खोड असेल तर ते सुताराला दाखवा. औत, वखर, बैलगाडीच्या चाकाचे भाग, कुऱ्हाडीचे-फावड्याचे दांडे यांसाठी बाभूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. असं खोड सरपणाच्या भावात देणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं. वाकड्या फांद्या चुलीला, काटेरी डहाळ्या कुंपणाला, शेंगा आणि पाला शेळ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवाला. साल कातडी कमावायला चालते. पंगतीचं काम झालं की उरलेले निखारे पाणी मारून विझवा. वाळवलेला कोळसा पुढच्या वेळी शेगडीला येतो किंवा इस्त्रीवाला घेतो. पण शेगडी बंद खोलीत पेटती ठेवून झोपायचं नाही. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

आपल्या वऱ्हाडात इंग्रजांच्या काळी जंगलखात्यानं काळ्या जमिनीवरची बाभूळबनं मुद्दाम राखली होती, एवढी या झाडाला किंमत होती. आज बांधावरची बाभूळ तोडतो आणि नवी लावत नाही. लक्षात ठेवा, देशी बाभळीचं खोड तोडलं की बुडख्यातून पुन्हा नीट फुटत नाही. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ मात्र जोमानं फुटतात. म्हणून सरपणासाठी आधी नदी-नाल्याकाठची माजलेली वेडी बाभूळ बघा. तिची आच देशी बाभळीच्या तोडीची आहे. फक्त काटा वाईट, पायात जोडा हवा. आणि देशी बाभूळ तोडलीच तर शेळ्यांच्या वाड्यात लेंड्यांतून पडलेलं बी गोळा करून बांधावर टाका. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं.

कायदा आणि काळजी

1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ तोडायची किंवा ट्रॉलीनं आणायची असेल तरी आधी तलाठी आणि वनरक्षक यांना विचारा, पास लागत असेल तर घ्या. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यातलं लाकूड कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. गटाच्या नावावर गुन्हा लागला तर बँकेच्या कर्जापर्यंत त्रास होतो.

कण्हेरीची काटकी चुलीत कधी घालू नका, तिचा धूर विषारी असतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, पेटवायला प्लास्टिक, हेही नको. पेटवायला आपल्या पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या आहेतच. त्या लवकर पेटतात, त्यावर बाभूळ चढवा.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी गॅस आला. तरी टाकी भरायला पैसे नसले की आपण चुलीकडे वळतो, आणि पंगतीला तर चुलवणच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 मध्ये घरातल्या धुरामुळे जगात 32 लाख माणसं मेली. त्यात चुलीपुढे बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची लेकरं जास्त भरडली जातात. चूल आज सुटत नसेल तर निदान ओलं लाकूड तरी सोडू या. मावशी आता म्हणतात, "लाकूड खणखणलं नाही तर मी चुलवण पेटवत नाही." आणि पंगत अडकली तरी त्या ऐकत नाहीत. आम्हीही आता ऐकायला लावत नाही.

पुढच्या बैठकीत करा

1. प्रत्येकीनं घरच्या सरपणातलं एक लाकूड आणावं. जात कोणती, सुकं की ओलं, हे आधी अंदाजानं सांगा, मग आपटून आणि फोडून बघा.
2. एकीच्या लाकडाच्या 500 ग्रॅम ढलप्या काढून वजन इतिवृत्तात लिहा. पुढच्या बैठकीत सुक्या ढलप्यांचं वजन लिहा आणि टक्के काढा.
3. हिशोब सोडवा : 10 क्विंटल लाकूड 450 च्या भावानं घेतलं. वाळल्यावर 7 क्विंटल भरलं. सुक्या लाकडाचा क्विंटल कितीला पडला? (4,500 भागिले 7, म्हणजे साधारण 643 रुपये. बाजारात सुकं 500 ला मिळत असेल तर क्विंटलमागे 143 रुपये नुकसान.)
4. गटात ठराव घ्या : सरपणाची खरेदी माघ-फाल्गुनात, काट्याच्या चिठ्ठीसह आणि दोघी जणींनी फोडून बघितल्याशिवाय नाही. चार-पाच गटांनी मिळून एक ट्रॉली घेतली तर बोलणीही जोरात करता येतात.

ज्या गटाचा ढलप्यांचा तोल झाला त्यांनी आपला आकडा ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. गावोगावचे आकडे जमले की पुढच्या माघात विकणाऱ्याशी बोलताना ते आपल्या कामी येतील.